तागाची बशी

मातीत गेलं की कुजेल असं प्लास्टिक संशोधकबुवांनी तागाचे धागे घालून बनवलं होतं. त्यांची नोकरी आता त्याच्या कुजण्यावर टिकून होती. त्याची एक बशी त्यांनी गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरली आणि कुणी हात लावू नये म्हणून घरात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी कुंडी तळापर्यंत उकरली. बशीचा मागमूस नव्हता. मातीच्या हातांनीच त्यांनी साहेबांना फोन लावला, "सर, नावालासुद्धा उरली नाही!" साहेबांनी तिथल्या तिथे नोकरी कायम करून टाकली.

हात धुवायला ते स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी गेले. एरवी ते तिकडे फिरकत नसत. आई भांडी घासत होती. मान वर न करताच ती म्हणाली,

"साबण त्या बशीत आहे बघ. कुंडीतली माती बदलताना सापडली. तेव्हापासून पाण्यातच आहे, पण साधा टवका उडालेला नाही. तुझं ते कुजणारं-बिजणारं राहू दे रे, असं काहीतरी बनव!"