चौथी दाढ

विणकामाच्या कारखान्यातल्या खानावळीत मटण वर्षातून एकदाच मिळायचं, आणि तेही नेमकं गुड फ्रायडेला, ख्रिस्ती माणूस मांसाला शिवत नाही त्या दिवशी. असं का, हे श्कोदर गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सरकारने चर्च-मशिदींना कुलपं लावून आणि देवाचं नाव घ्यायला बंदी करून नऊ वर्षं झाली होती. ताटातलं मटण कोण टाकून उठतं, ते कम्युनिस्ट पार्टीची कारखान्यातली सेक्रेटरी शप्रेसा वही घेऊन बघायची.

प्रेनाने यावर आपला उपाय शोधला होता. दर वर्षी आदल्या दिवशी ती दंतवैद्याकडे जाऊन दाढ दुखते म्हणून हटून बसायची. दाढ चांगली आहे, असं तो परोपरीने सांगायचा. ही ऐकायची नाही. मग दाढ निघायची आणि चिठ्ठी मिळायची : आठ दिवस काही चावायचं नाही. दंतवैद्याशी खोटं बोललेलं देव मनावर घेत नसावा, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. तीन वर्षांत तीन दाढा गेल्या. कालची चौथी रुमालाच्या गाठीत होती.

हे सगळं लेकीसाठी. डॉक्टरकीला निवडलेल्यांत तेउताचं नाव होतं, यादी सोमवारी पक्की व्हायची. आईच्या नावापुढे फुली पडली की तेउताचं शिक्षण संपलं.

शप्रेसा टेबलापाशी आली ती हातात वाडगा घेऊनच.

"प्रेनामावशी, चिठ्ठी राहू द्या. तुमच्या दाढेचं मला पाठ झालंय. यंदा तुमच्यासाठी मुद्दाम मटण वाटून सूप करून घेतलंय. चावायची भानगडच नको. प्या!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. प्रेनाला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"गीळ ना बाई," शेजारची हायरिये पुटपुटली. "रमजानात मी नाही का भर दुपारी ताक ढोसलं? पोरीचा विचार कर."

प्रेनाने पोरीचाच विचार केला. चमचा भरला, तोंडापर्यंत नेला. वास चांगला होता. तिने चमचा परत वाडग्यात ठेवला.

"दाढेला काही झालं नव्हतं, शप्रेसा. आज गुड फ्रायडे आहे. मी मटण खात नाही."

आता कुणी हसलं नाही.

"मावशी," शप्रेसा खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "तेउताचं नाव सोमवारच्या यादीत आहे. विसरलात का?"

प्रेनाने रुमालाची गाठ सोडली आणि दाढ वाडग्याशेजारी ठेवली. पांढरीशुभ्र, धडधाकट, कुठे कीड नाही.

"कशी विसरेन? तिच्यासाठीच चार दिल्या. आता लिही तू."

शप्रेसाने त्या दाढेकडे पाहिलं. मग वही उघडली. प्रेनाने भरल्या खानावळीत क्रुसाची खूण केली, मक्याच्या पावाचा कोरडा तुकडा तोंडात घातला आणि उरलेल्या दाढांनी तो सावकाश चावून खाल्ला.