काचेवरची खूण

‘नवी मांडणी सर्वांसाठी अधिक सोपी असून, कोणाचीही गैरसोय झाल्याची एकही तक्रार आलेली नाही.’ व्हिडिओ कॉलच्या ॲपवर हे निवेदन झळकले, तेव्हा निमगाव सावाच्या शिवारातल्या एका वस्तीवर गजराबाई फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. निवेदन खोटे नव्हते. तक्रार खरोखरच आलेली नव्हती. तक्रारीचे बटण कितीतरी पडदे उलटल्यावर सापडे आणि त्यावरची अक्षरे इंग्रजी होती. गजराबाईला मराठीही वाचता येत नव्हते. ज्यांची अडचण व्हायची त्यांच्या तोंडाला आधीच कुलूप घातले, की समाधान सिद्ध करायला शांततेइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.

तिचा मुलगा गोरख पुण्याला नोकरीला होता. ॲप उघडले की त्याचा चेहरा पडद्याच्या वरच्या अंगाला, मधोमध असे. गजराबाई मेंढरे राखणाऱ्या घरातली; कळपातले आपले जनावर चुकू नये म्हणून त्याच्यावर रंगाची खूण करायची, ही रीत तिच्या अंगवळणी पडलेली. शेजारच्या रोहिणीकडून नेलपॉलिश मागून तिने काचेवर, नेमका गोरखच्या चेहऱ्यावर, लाल ठिपका दिला होता. रोज संध्याकाळी भाकरी टाकून झाली की त्या ठिपक्यावर बोट ठेवायचे आणि मुलाशी बोलायचे.

मांडणी बदलली. गोरखचा चेहरा पार तळाशी गेला आणि ठिपक्याखाली कॅमेऱ्याचे बटण आले. आता बोट ठेवले की गजराबाईलाच गजराबाई दिसे, आणि लाल ठिपका तिच्या कपाळावर. नवरा म्हस्कू वारल्यापासून त्या कपाळाला कुंकू लागले नव्हते. ती घाईने फोन पालथा घाली. पोराने आपल्याला दारातूनच परतवून लावले, असे तिने धरून घेतले. तरी निजताना फोन उशाशी असे. पंधरवडा उलटला, तिकडूनही तो वाजला नाही.

अखेर तिने रोहिणीला हाक मारली. रोहिणीने पडदा खालवर सरकवला आणि तिला हसू फुटले.

“मावशी, खूण काचंवर केली व्हय तुमी? पोरगं तर आतल्या आत खाली सरकलंय.”

“मेंढराच्या पाठीवर केली, तर मेंढराबरूबर जाती की खूण.”

“ह्ये काय मेंढरू हाय का?”

“मेंढरू असतं, तर एकदा तरी वरडलं असतं.”

रोहिणीचे हसू मावळले. तिने तळाचा चेहरा दाबला. गोरखने लगेच घेतला.

“काय गं आये, आज कशी आठवण झाली?”

“वा रं भाऊ!” रोहिणी मधेच म्हणाली. “तुमच्या आईला बटण घावंना, म्हणून फोन न्हाई. तुमचं बोट मोडलं व्हतं का?”

“लोड लई व्हता गं कामाचा. आन मला वाटलं, तीच कशात तरी गुंतली आसंल.”

वस्तीवर एकटी राहणारी, दोन शेळ्यांची मालकीण असलेली विधवा पंधरवडाभर कशात गुंतली असेल, याचा खुलासा त्याने केला नाही. गजराबाईने फोन रोहिणीच्या हातातून काढून घेतला आणि तोंडासमोर धरला.

“गोरख, रागावत न्हाई मी. येवढंच सांग. माझा फोन येईना झाला, तवा म्हातारी मेलीबिली का, आसं न्हाई आलं तुझ्या मनात?”

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. गोरखने उत्तर दिले. त्यातला एक शब्दही इथे बदललेला नाही:

“पयले दोन दिस आलं व्हतं. मग संध्याकाळ मोकळी मिळाय लागली, तर… बरंच वाटलं, आये.”