शेवटून दुसरं घर

पहिली पहार बसली ती धोंडाबाई आणि छबूबाई यांच्या मधल्या भिंतीवर. मातीचीच भिंत ती, दोन-तीन घावांत भसकन खाली आली. धूळ बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघींना आपापल्या जागेवरून एकमेकींची चूल दिसली. दोन्हीकडं एकच थाळी, एकच तांब्या. दोघी विधवा, दोघी बाजारात भाजी विकणाऱ्या, दोघींच्या घरात दुसरं माणूस नाही. धोंडाबाईनं झटकन तोंड फिरवलं.

बारामतीचा गुळाचा बाजार तेव्हा नुकताच फुगला होता. कालव्याकाठच्या गुळाच्या गाड्यांना दोघींची ही आळी अरुंद पडायची. म्हणून आळी पाडून रुंद सडक करायचं ठरलं. ठरवताना आळीतल्या कुणाला विचारलं नव्हतं. राहणाऱ्यांसाठी कन्हेरीच्या वाटेला पत्र्याच्या घरांची लांबलचक रांग उभी राहत होती.

घरं नेमून द्यायला आलेल्या ओव्हरसियर साहेबांच्या कानावर या दोघींची भांडणं आधीच गेली होती. पन्हाळीचं पाणी, कोंबड्या, वाळवण, कशावरूनही रोज सकाळी भिंतीपलीकडून तोंड सुटायचं. साहेब हसून म्हणाले, "एकीला पहिलं घर, दुसरीला पार शेवटचं. आता तरी सुखानं राहा." सगळी आळी हसली. दोघी मात्र पडलेल्या भिंतीकडं बघत होत्या.

मागल्या साली धोंडाबाई हिवतापानं अंथरुणाला खिळली होती. सकाळी पलीकडून शिवी आली, इकडून उत्तर गेलं नाही. "धोंडे, मेलीस का काय गं?" त्यालाही उत्तर नाही म्हटल्यावर छबूबाईनं दाराची कडी उचकटली. ताप उतरेपर्यंत पेज पाजली, आणि पाजताना तोंडाचा पट्टा काही थांबवला नाही. बरी झाल्यावर धोंडाबाईनं कडी मोडली म्हणून तिचा उद्धार केला. त्या दिवशी दोघी जेवल्या पोटभर.

आता पहिल्या घरातली हाक शेवटच्या घरापर्यंत पोचणार नव्हती.

नवी घरं पुरी होईस्तोवर जो तो पाहुण्यांकडं पांगला. छबूबाई कुठं गेली ते धोंडाबाईनं विचारलं नाही. ती स्वतः अंथुर्ण्याला भावाकडं निघाली. पण निघण्याआधी कुणी बघत नाही असं पाहून तिनं मुकादम सावळारामला गाठलं.

"माझं पैलं घर सरुबाईला द्या. तिचं शेवटून दुसरं हाय, ते मला द्या."

"अवो मावशी, तितं छबूबाईचा शेजार लागंल!"

"लागू द्या. तितं वारा चांगला येतो."

सावळाराम तिच्याकडं बघतच राहिला. "बघा बरं. एकदा बदललं की बदललं. पुन्हा मागाया आलात तर हातातलं घरबी जाईल, असा सायबाचा हुकूम हाय."

"न्हाय यायची," धोंडाबाई म्हणाली. सरुबाई तर हरखलीच. पहिल्या घराला आड जवळ होता.

घरं मिळाली तशी धोंडाबाई बोचकं घेऊन शेवटून दुसऱ्या घरात शिरली. उघडा माळ, तापलेला पत्रा. चूल मांडायच्याही आधी तिनं मधल्या भिंतीला कान लावला. पलीकडं भांडं वाजलं. धोंडाबाईच्या अंगात वारं भरलं. पदर खोचून ती दारात आली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, "ए भवाने! माझ्या दारावरनं मोरीचं पानी काढशील तर याद राख!"

शेवटच्या घरातून एक तरणी बाई घाबरून बाहेर आली. आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या भीमाची बायको कौसल्या.

"न्हाय काढत, आत्याबाई."

"तू? तू हितं कशी? छबूबाई कुठं हाय?"

"त्या न्हवं का, सायबाच्या दारात बसून ऱ्हायल्या आन् आमचं घर मागून घेतलं. सुरवातीकडनं दुसरं. हे शेवटचं आमाला आलं." कौसल्येनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हनत व्हत्या, पैल्या घरात धोंडी एकलीच हाय, तिच्या शेजारी मलाच ऱ्हायला पायजे."