जनरलसाहेबांचं गाव

फोटो स्पष्ट आला होता. सोफ्यावर जनरल, समोर विरोधी पक्षनेते फोदे, मध्ये खजुराची ताटली. हेमाने फोन एप्रनखाली लपवला आणि स्वयंपाकघरात येऊन कॉफीचं आधण ठेवलं.

बहरीनमधल्या झल्लाकच्या समुद्रकाठच्या या हॉटेलात ही बैठक चालली आहे, हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतला तो देश पेटला होता आणि निवडणूक हरलेला जनरल खुर्ची सोडत नव्हता. हृदयाची तपासणी करायची आहे, असं आपल्या अधिकाऱ्यांना सांगून तो बहरीनला आला होता. शत्रूबरोबर बसून खजूर खातोय हे कळलं असतं, तर त्यांनीच त्याला विमानतळावर आडवा केला असता. हेमाला तेच हवं होतं. तिचा नवरा संदेश तिकडच्या बंदरात क्रेन चालवायचा, तीही तिथेच राहायची. कामावरून परतताना जनरलच्या सैनिकांनी त्याला नाक्यावर गोळी घातली आणि दंगलखोर ठरवून मोकळे झाले. त्यानंतर ती इथे नोकरीला आली.

एका पत्रकाराचा नंबर तिच्याकडे होता. ती फोटो पाठवणार, एवढ्यात पाणी मागायला फोदे स्वतःच आत आले. त्यांनी फोन पाहिला आणि काय ते ओळखलं.

"बाई, थांबा."

"का थांबू?" तिकडच्या बाजारात शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये हेमा कडाडली. "माझा नवरा मारला त्याने. आणि तुम्ही? खुर्ची सोडावी म्हणून शिक्षा माफ, बंगला, पहारेकरी, सगळ्याला हो म्हणताय! लाज नाही वाटत?"

"माझा मुलगाही मारलाय त्याने," फोदे म्हणाले.

हेमाने फोन खाली घेतला. आधणाला उकळी फुटली, तिचं लक्षच नव्हतं.

"त्याला फ्रान्समध्ये राहायचं होतं. बाकी सगळं दिलं, तेवढं दिलं नाही. म्हटलं, आपल्या जन्मगावी राहा. तो खूश झाला. म्हणतो, मी गेलो की गावात ढोल वाजतात." फोदे किंचित हसले. "ढोलवाले सरकारी गाडीतून आणलेले असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्या गावचीही पोरं मारलीत त्याने. इथे येण्याआधी मी तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर बसून आलो. त्याला कुणी हात लावणार नाही. फक्त कुणी त्याच्याशी बोलणार नाही. त्याच्या विहिरीवर कुणी येणार नाही, त्याच्या मयताला कुणी जाणार नाही."

हेमा भिंतीला टेकली. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पूर्वी तिच्या माहेरी शिमग्यात पालखीवरून वाद झाला आणि गावाने तिच्या वडिलांना वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना. आजोबा गेले तेव्हा चौथा खांदेकरी मिळाला नाही, म्हणून आईनेच खांदा दिला. वडील रोज सकाळी पारापाशी जाऊन रामराम घालायचे. कुणी मानही वर करायचं नाही. शेवटी शेवटी ते गोठ्यातल्या बैलाशीच बोलायचे. वडिलांचा तर काही गुन्हाही नव्हता. या माणसाला मात्र ते सगळं हक्काने मिळणार होतं.

"हेमा, यल्ला, जल्दी! कॉफी लेके आ, साहब बुला रहे हैं," बाहेरून सुपरवायझर ताहिरने हाक मारली.

तिने फोदेंच्या देखत फोटो पुसून टाकला. आधणात कॉफी आणि वेलची घातली, गाळली, ट्रे उचलला.

जनरल समुद्राकडे बघत आरामात पसरला होता. हेमाने पेला त्याच्यापुढे ठेवला आणि संदेश गेल्यापासून प्रथमच अगदी मनापासून हसली.

"शंभर वर्षं जगा, साहेब," ती म्हणाली.