झिणझिण्यांचं पाणी

“रॉड न्यायचा न्हाई. माझी दवा हाय ती,” असं म्हणत वच्छलाबाई न्हाणीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

निवेदिता मानक खात्यात तपासणी अधिकारी होती. पूर्णा शहरातल्या एका दुकानात खोट्या आयएसआय छापाचे पाणी तापवायचे रॉड सापडले होते, आणि विकले गेलेले परत घ्यायला ती जवळच्या चुडावा गावात घरोघर फिरत होती. बाकीच्यांनी दुकानदाराला शिव्या घालत का होईना, रॉड देऊन टाकले. ही म्हातारी मात्र हटायला तयार नव्हती.

“दवा कशी काय, आजी?”

“पान्यात बोटं बुडीवली की झिणझिण्या येत्यात. वात पळतो. गल्लीतल्या बाया बी येत्यात.”

निवेदिता त्यांना बाजूला सारून न्हाणीत शिरली. आत बादलीत रॉड चालूच होता. तिने पाण्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला. तिने आधी बटण बंद केलं, मग पिन ओढून काढली.

“आजी, ह्या झिणझिण्या म्हणजे करंट आहे. रॉड आतून फुटलाय. माणूस मरतं याने.”

वच्छलाबाई खुदकन हसल्या. शहरातल्या पोरीला वाताची कळ काय ठाऊक, असंच त्यांना वाटलं असणार. पण हसू अर्ध्यातच थांबलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

“मालकाचे गुडघे लय दुखायचे,” त्या म्हणाल्या. “ते दोनी पाय सोडून बसायचे बादलीत. रॉड मीच लावून द्यायचे. संक्रांतीला तिथंच गेले. डाक्टर म्हणले, हार्ट फेल.” त्यांनी मान वर केली. “मंग… मीच का वं बाई?”

खात्यात निवेदिताला सगळं शिकवलं होतं, हे सोडून. तिचे डोळे भरून आले.

“नाही हो आजी,” ती घाईघाईने म्हणाली. “हा बिघाड अगदी आत्ताचा आहे. तेव्हा रॉड चांगला होता.”

वच्छलाबाईंनी तिचे भरलेले डोळे पाहिले. मग उठल्या, रॉड बाहेर काढला, पदराने पुसला, वायर गुंडाळली आणि तिच्या हातात दिला.

“माय, माझ्याशी खोटं बोललीस, लय बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “सरकारला मातर खरं सांग.”