फुल टाइट

न्हावा गावच्या धक्क्याजवळ हिरामण झोकांडी खाऊन वाळत घातलेल्या जाळ्यावर पडला. तिथेच जाळं सांधत बसलेले कमळाकर आणि वामन हसत उठले.

"मामा फुल टाइट हाय आज!" वामन म्हणाला.

"टाइट कसला? तर्र झालाय. इमान उडालंय पार!"

दोघांनी त्याला दोन बाजूंनी धरलं आणि घराच्या वाटेला लावलं. बायका दारात आल्या. धोंडूबाईने तिथूनच आवाज दिला, "हिरामणदादा, परत लावलीस? आरं, जेवलास तरी काय?"

हिरामण जड जिभेने काहीतरी बोलला. सगळे हसले, तोही हसला. एरवी याच वाटेने तो मिठागरावरून परतायचा तेव्हा कुणी मान वर करून बघत नसे. त्याची बायको गोजरा गेल्यापासून घरातही विचारणारं कुणी नव्हतं. एखादी संध्याकाळ मात्र अशी असायची. खांद्यांवर दोघांचे हात, कानाशी थट्टा आणि दारापर्यंत सोबत.

वळणावर हवालदार उभा होता. दारूबंदीचे दिवस.

"टरकली रे माझी," वामन कुजबुजला. "आता मामाला नेतील."

कमळाकर पुढे झाला. "साहेब, म्हातारा मानूस हाय. एकटाच हाय. सोडा त्याला."

"तोंड उघड," हवालदार हिरामणला म्हणाला. "हा कर."

हिरामणने ओठ घट्ट मिटले. हवालदाराने त्याची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, नाक जवळ नेलं. मग पुन्हा एकदा नेलं.

"याने थेंबभरसुद्धा घेतलेली नाही. कसलं नाटक आहे हे?"

वामनचा हात सुटला. मग कमळाकरचाही. हिरामण वाटेच्या मधोमध उभा राहिला, अगदी सरळ.

"घेतलीय साहेब," तो म्हणाला. जीभ आता जड नव्हती. "लय घेतलीय. पकडा ना मला."

"न प्यालेल्याला कसा पकडू?"

"घेतलीय वो..."

हवालदार त्याच्याकडे बघत राहिला. कुणी हसेना. "घरी जा, बाबा," तो हळूच म्हणाला आणि धक्क्याकडे निघून गेला.

धोंडूबाई आत गेली. तिच्या मागोमाग बाकीची दारंही रिकामी झाली. वामन जाळ्याकडे वळला.

हिरामण चालू लागला. एकही पाऊल वाकडं पडलं नाही. कमळाकर धावत त्याच्या बरोबरीने आला, त्याने हात पुढे केला. पण शुद्धीवर असलेल्या माणसाला कुठे धरायचं, ते त्याला कळेना.