डावखुऱ्यांचा चाकू

काउंटरवर घडीचे सात चाकू होते. त्यांतले चार खास डावखुऱ्यांसाठी. ती गोदामात खोकी उघडायचं काम करायची. तिथे ज्याने त्याने आपला चाकू आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, असा नियम होता. ती डावखुरी. चारही चाकू तिच्या अंगठ्याच्या एका झटक्यात उघडले.

"दादा, तुम्ही उजवे ना? आता तुम्ही उघडून दाखवा. घाईत, रागात असल्यासारखे."

"रागात? अहो ताई, घरी मला कोणी रागावूच देत नाही," दुकानदार हसला. तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तीन सेकंद, चार, पुन्हा तीन. चौथ्याचा खटका मात्र काही केल्या त्याच्या बोटांना सापडेना. आठ सेकंद लागले.

"हा नका घेऊ, ताई. उजव्या माणसाची पार फजिती करतो."

"हाच द्या," ती म्हणाली. "आमचे हे उजवे आहेत."



लेकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते तिने सकाळीच दोनदा मोजलं होतं. दोन्ही वेळा सहा सेकंद लागले होते.